साठा, आवक, उपसा : कडवंचीचे गणित

प्रतिमान म्हणजे साठे, प्रवाह आणि त्यांचे परस्परपरिणाम समीकरणांत मांडून काळ पुढे सरकवून पाहणे. जे फॉरेस्टर यांनी 1950च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीत ही पद्धत घडवली. या पद्धतीने पाहता, जालना तालुक्यातील कडवंची गावात भूजल हा साठा. पाझर ही आवक, विहिरींचा उपसा ही जावक. झिजलेल्या बेसाल्टमधून उपशाला मिळणारे पाणी खडकाच्या घनफळाच्या जेमतेम 1 ते 3 टक्के. 2 टक्के धरल्यास 20 मिमी पाझराने पातळी 1 मीटर चढते. तेवढ्याच उपशाने उतरते. पाणलोटाच्या कामांनी पाणी वाढले, द्राक्षबागा वाढल्या, तहानही वाढली. पाऊसच बेभरवशाचा, मग गणित कशाला? आक्षेप रास्त आहे. पण प्रतिमान पावसाचे भाकीत करत नाही. कमी पावसात किती उपसा झेपेल, एवढेच तपासते.