दिवा कुणासाठी? : पाण्याखालच्या कॅनिस्टर लाइटविषयी

मागच्या वेळी एकांनी विचारलं, सर, तत्त्वज्ञान सोडून तुम्ही पाण्यात कुठे उतरलात? तर मी उतरलेलो नाही. मला धड पोहताही येत नाही. उतरतो तो माझा भाचा. तो उत्तर फ्लोरिडात असतो आणि सुटी मिळाली की तिथल्या पाण्याने भरलेल्या गुहांत शिरतो. बहीण म्हणाली, "दादा, तू तरी त्याला समजाव." समजवायला फोन केला आणि तासभर त्याच्या दिव्याची माहिती ऐकत बसलो. (हशा)

पण त्या तासाभरात एक गोष्ट अशी कळली की मी चाटच पडलो. त्या भागातली जमीन चुनखडीची. पाण्याने ती विरघळत जाऊन खाली मैलोन्‌मैल भुयारं झालेली आहेत. तिथे जिनी स्प्रिंग्ज म्हणून प्रसिद्ध झरा आहे. त्याच परिसरात 'डेव्हिल्स' नावाचे झरे आहेत, आणि गुहेचं प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाला तिथे दिवा घेऊन पाण्यात उतरायला मनाई आहे. आपल्याला वाटतं, अंधारात जाणाऱ्याला दिवा द्यावा. इथे उलट! कारण हातात दिवा असला की माणूस आत जातो. नसला की उजेडाच्या हद्दीत थांबतो. दिवा दिसायला मदत करतो हे खरं, पण तो भुलवतोही.

शेक एक्सली या गुहा-पाणबुड्याने 1979 साली एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने गुहेतले अपघात एकेक उलगडून त्यांची कारणं मांडली: बाहेरपर्यंत सलग दोरी नसणं, परतीसाठी हवा राखून न ठेवणं, फार खोल जाणं. पुढे या यादीत प्रशिक्षणाची आणि दिव्यांची भर पडली. दिव्यांचा नियम असा, की माणशी किमान तीन. एक मुख्य, दोन राखीव. मुख्य दिवा गेला की सहल संपली. राखीव दिवा काढायचा तो फक्त बाहेर येण्यासाठी.

हा मुख्य दिवा म्हणजेच बहुतेक वेळा कॅनिस्टर लाइट. बॅटरी एका जाडजूड बंद डब्यात, डबा कमरेच्या पट्ट्यावर उजवीकडे. तिथून केबल निघते आणि दिव्याचं डोकं डाव्या हाताच्या पाठीवर बसतं. ज्या पट्टीवर ते बसतं तिला गुडमन हँडल म्हणतात. मूठ दिव्यात अडकत नाही, बोटं दोरी धरायला मोकळी राहतात. मोठी बॅटरी हातात पेलायची नाही, म्हणून ही सगळी उठाठेव.

आता निवडायचा कसा? दुकानात पहिला आकडा ल्युमेनचा सांगतात. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड किती. तो कुठे पडतो हे त्यातून कळत नाही. आपल्या घाटात धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावलात तर काय होतं? समोर पांढरी भिंत. गढूळलेल्या पाण्यातही तेच. म्हणून गुहेत झोत अरुंद हवा, भाल्यासारखा. व्हिडिओ काढणाऱ्याला मात्र पसरट उजेड लागतो. त्याची गरज वेगळी, दिवा वेगळा.

दुसरा आकडा बॅटरीचा. 75 वॉट-तासांची बॅटरी आणि 21 वॉटचा दिवा, म्हणजे कागदावर साडेतीन तास. बॅटरी जुनी झाली की तेवढं मिळत नाही. शिवाय लिथियम बॅटरीची एक खोड आहे: पुष्कळदा ती शेवटपर्यंत नीट चालते आणि संरक्षक सर्किट तिला एकदम बंद करतं. साधे अल्कलाइन सेल हळूहळू मंदावतात, आधी कल्पना देतात. म्हणूनच राखीव दिव्यांत अनेक जण ते पसंत करतात. भाचा दर काही महिन्यांनी दिव्याचं डोकं पाण्याच्या बादलीत ठेवून घड्याळ लावतो आणि किती वेळ चालला ते डब्यावर चिकटपट्टीने लिहून ठेवतो. कंपनीच्या आकड्यावर त्याचा विश्वास नाही. हे मला अगदी प्रत्यक्षप्रमाणवादी वाटलं!

आणि विमानाने नेणार असाल तर सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात टाकायची नाही, सोबत ठेवायची. 100 वॉट-तासांच्या वर असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, 160 च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. खरेदीच्या आधीच हे बघा.

डब्याचं झाकण रबरी ओ-रिंगवर बसतं. तिथे एक केस, वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत. बोटाने फिरवून बघायचं, ग्रीस अगदी पातळ लावायचं. पाणी गेलेला डबा उघडताना तोंड बाजूला ठेवायचं. आत वायू साठून दाब वाढलेला असू शकतो.

आता मला सर्वांत आवडलेला भाग. आपल्या नैयायिकांचा आणि नागार्जुनाचा जुना वाद आहे, की दिवा दुसऱ्या वस्तू प्रकाशित करतो तसा स्वतःलाही करतो का? गुहेत हा प्रश्न जिवाचा होतो. तिथे बोलता येत नाही, दिवाच बोलतो. भिंतीवर सावकाश गोल फिरवला तर 'ठीक आहे'. झोत भराभर आडवा हलला तर 'संकट, इकडे बघ'. म्हणून उगाच हात हलवत पोहायचं नाही, आणि जोडीदाराच्या डोळ्यांवर झोत कधीच मारायचा नाही.

मागच्या वर्षी भाच्याचा दिवा आत असताना अचानक विझला. त्याने काही खूण करायच्या आत पुढचा जोडीदार वळला होता. मी विचारलं, "त्याला कळलं कसं?" म्हणाला, "मामा, त्याच्या बाजूच्या भिंतीवर माझा उजेड पडत असतो ना. तो दिसेनासा झाला." दोघं राखीव दिव्यांवर दोरी धरून बाहेर आले. बहिणीला हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही हे रेकॉर्डिंग तिला पाठवू नका. (हशा)

हं, मागून प्रश्न आलाय: मालवण-तारकर्लीला असा दिवा घ्यावा का? नको. दिवसा उघड्या समुद्रात, प्रशिक्षकाबरोबर, तो निव्वळ ओझं आहे. खडकाच्या कपारीत डोकवायला हातातली छोटी टॉर्च पुरते. आणि कपारीत डोकवायचंच फक्त, शिरायचं नाही.