लोखंडी अवजारांचा गंज आणि पोलादी ग्रिटाचें यंत्र

शेतकऱ्याच्या वाड्यांत लांकडी औतें होतीं तोंवर त्यांस वाळवीचें भय होतें. लोखंड आलें तसें गंजाचें भय आलें. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली व तेथील लोखंडी नांगर गांवोगांव जाऊं लागले, तेव्हांपासून आजपर्यंत शेतींतील लोखंड वाढतच आहे. उंसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, रोटाव्हेटर, पलटी नांगर, पेरणीयंत्रें असें लाखो रुपयांचें लोखंड आज लहानशा गांवांतही उघड्यावर पावसाळा काढतें. त्यास रंग देण्याची चाल आहे. परंतु गंजावर दिलेला रंग म्हणजे लोणा लागलेल्या भिंतीवरील चुना होय. वरून साजरा दिसतो व पुढील श्रावणांत पापुद्र्यांनीं सुटतो.

हा गंज मुळापासून काढण्याची रीत म्हणजे दाबाखालील हवेच्या झोतांतून कठीण कण पत्र्यावर मारणें. कारखानदारींत यास ब्लास्टिंग म्हणतात. आमच्या सभासदांपैकीं कित्येकांनीं असें यंत्र संघाच्या भांडवलांतून घ्यावें अशी सूचना केली असून पुढील सर्वसाधारण सभेंत तिचा विचार व्हावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची झाली. यंत्रविद्येचा अधिकार त्यास नाहीं. तथापि या विषयावरील माहिती जमवून व जवळपासचीं दोन-तीन कामें समक्ष पाहून जें ध्यानांत आलें तें सभासदांनीं मत देण्यापूर्वीं वाचावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

वाळू कां नको

गेल्या उन्हाळ्यांत एके ठिकाणीं ट्रॉल्या साफ करण्याचें काम चाललेलें पाहिलें. वीस-बावीस वर्षांचा एक मजूर नाकातोंडास उपरणें बांधून नदीच्या वाळूचा झोत मारीत होता. दुपारपर्यंत त्याच्या पापण्याही पांढऱ्या झाल्या होत्या. ठेकेदाराचें म्हणणें असें कीं, वाळू फुकट पडते. परंतु परवान्यावांचून नदीची वाळू उचलणें हें महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ४८ खालीं दंडास पात्र आहे, हें तर झालेंच. खरी किंमत त्या मजुराच्या छातींत मोजली जाते.

वाळूच्या झोताचें पेटंट अमेरिकेंतील बेंजामिन च्यू टिल्घमन यांनीं १८७० सालीं घेतलें. वाळूंत गारेचा, म्हणजे सिलिकेचा अंश असतो. कण पत्र्यावर आदळून फुटला म्हणजे त्याची डोळ्यांस न दिसणारी धूळ होते व ती श्वासाबरोबर फुप्फुसांत खोल जाऊन बसते. तेथें कठीण व्रण पडून फुप्फुसें आखडतात. यास सिलिकोसिस म्हणतात. हा रोग बरा होत नाहीं. शिवाय अशा रोग्यास क्षयाची बाधाही लवकर होते. मध्यप्रदेशांतील मंदसोर येथें पाटीवरच्या पेन्सिली करणाऱ्या कामगारांची जी दशा झाली ती याच धुळीनें. ब्रिटनमध्यें १९४९ सालीं नियम करून ओतीव वस्तूंच्या सफाईंतून वाळू हद्दपार करण्यांत आली. तुर्कस्तानांत जीनचें कापड जुनें दिसावें म्हणून त्यावर वाळू मारणारे तरुण कामगार या रोगानें मरूं लागले, तेव्हां २००९ सालीं तेथेंही या कामावर बंदी आली. आमच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानेंही हा रोग सरकारास कळविण्याजोगा ठरविला होता. उपरणें हा यावर उपाय नव्हे. ती धूळ कापडाच्या विणींतून सहज पार जाते.

पोलादी ग्रिट म्हणजे काय

कठीण केलेल्या पोलादाचे गोल दाणे मिळतात, त्यांस शॉट म्हणतात. ते फोडून केलेल्या कोनेदार कणांस ग्रिट म्हणतात. शॉट पत्रा ठोकतो, ग्रिट गंज कापून काढतें व पृष्ठभागास बारीक खरखरीतपणा आणतें. या खरखरीतपणामुळेंच प्रायमर घट्ट धरतो.

ग्रिटाचा नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. जी-२५ चा दाणा सुमारें ०.७ मिलिमीटर, जी-४० चा सुमारें ०.४ व जी-८० चा ०.२ हूनही कमी असतो. ट्रॉलीची जाड चेसी व नांगराचा दांडा यांस जी-२५ व जी-४० यांचें मिश्रण योग्य. त्याहून पातळ कामास जी-५० किंवा जी-८० घ्यावें. कठीणपणाचेही तीन वर्ग आहेत. जीपी हें नरम असून त्याच्या कडा लवकर गोल होतात. जीएच हें अति कठीण असून तें लवकर फुटतें व नोझल खातें. जीएल हें मधलें. आमच्यासारख्यांच्या कामास जीएल बरें.

वाळू एकदां मारली कीं संपली. पोलादी ग्रिट मात्र गोळा करून, चाळून, पुनः पुनः वापरतां येतें. म्हणून प्रथम त्याचा भाव ऐकून दचकूं नये. पण तें गोळा करण्याची सोय नसेल तर तो भाव परवडणारही नाहीं. यासाठीं चोहोंकडून बंद खोली, फरशीची जमीन, धूळ ओढून घेणारा पंखा व गाळणी आणि ग्रिटांतून धूळ व रंगाचे कपचे वेगळे करणारी चाळणी हीं चारही पाहिजेत. उघड्या शेतांत किंवा रस्त्याकडेला हें ग्रिट वापरणें म्हणजे मातींत पैसे पेरणें होय. शिवाय मागें राहिलेले कण गंजून डाग पाडतात. जागेवरून हलवितां येत नाहीं अशा टाकीस तांब्याच्या भट्टींतील मळीचे कण किंवा गार्नेट वापरावें; मात्र त्यांत मुक्त सिलिका एक टक्क्याहून कमी असल्याचा दाखला विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.

यंत्राची निवड

यंत्रें मुख्यतः दोन प्रकारचीं. एकांत हवेच्या ओढीनें कण वर खेंचले जातात. हें स्वस्त, परंतु पोलादी ग्रिट जड असल्यानें मोठ्या कामास तें दुबळें पडतें. दुसऱ्यांत कण दाबाच्या पिंपांत भरून हवेबरोबर लोटले जातात. ट्रॉल्यांसाठीं हेंच घ्यावें. पिंपाखालील ग्रिट सोडण्याचा व्हॉल्व्ह पोलादी ग्रिटासाठींच केलेला आहे किंवा नाहीं, हें विचारून घ्यावें. वाळूसाठीं केलेल्या व्हॉल्व्हमधून जड ग्रिट प्रमाणाबाहेर सुटतें व नळी तुंबते.

बहुतेक खरेदीदार पिंपाची किंमत पाहतात आणि हवेचा हिशेब विसरतात. खरा खर्च हवेचा आहे. पाव इंची नोझलास शंभर पौंड दाबानें मिनिटास सुमारें ८० घनफूट हवा लागते व त्यासाठीं सुमारें २० अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर हवा. तीन-अष्टमांश इंची नोझलास सुमारें २०० घनफूट लागते, म्हणजे कॉम्प्रेसर ५० अश्वशक्तीचा झाला. पन्नास अश्वशक्ति म्हणजे सुमारें ३७ किलोवॉट. आठ तास पूर्ण भारानें चालविल्यास विजेचीं तीनशें युनिटें सहज जातात. आधीं आपली वीजजोडणी पाहावी, मग नोझल ठरवावें, मग त्यास पुरेसा कॉम्प्रेसर, आणि सर्वांत शेवटीं पिंप. नळीचा आंतील व्यास नोझलाच्या छिद्राच्या निदान तिप्पट असावा व नळी शक्य तितकी आंखूड आणि सरळ ठेवावी. कारण नोझलाशीं एक पौंड दाब कमी झाला कीं काम सुमारें दीड टक्क्यानें घटतें असा या धंद्यांतील अनुभव आहे. दाब कॉम्प्रेसरवरील कांट्यावर पाहून भागत नाहीं. सुईचा मापक नोझलाजवळच्या नळींत खुपसून पाहावा.

निगा

पहिली निगा नोझलाची. ग्रिटाबरोबर नोझलही झिजतें. पाव इंची छिद्र झिजून पांच-षोडशांश इंच झालें तर दिसावयास फरक एक-षोडशांशाचा; परंतु छिद्राचें क्षेत्रफळ ५६ टक्क्यांनीं वाढतें व तितकी अधिक हवा वायां जाते. कॉम्प्रेसर ती पुरवूं शकत नाहीं, दाब पडतो, आणि मजूर आळस करितो असा आरोप होतो. म्हणून मूळ मापाच्या ड्रिलचा दांडा नोझलांत घालून दर आठवड्यास तपासावें व एक-षोडशांश झीज होतांच नोझल बदलावें. चिनी मातीचें नोझल थोड्या तासांत जातें. टंगस्टन कार्बाइडचें घ्यावें, पण तें आपटूं देऊं नये, कारण तें तडकतें.

दुसरी निगा पाण्याची. दाबलेली हवा थंड होतांच तिच्यांतील ओल पाणी होऊन उतरते. ओलें ग्रिट गंजून ढेकूळ बनतें. कॉम्प्रेसर व पिंप यांमध्यें हवा थंड करणारा कूलर व पाणी वेगळें करणारा सापळा बसवावा आणि सापळ्यांतील पाणी रोज सोडावें. सकाळीं ग्रिट न सोडतां नुसत्या हवेपुढें पांढरें फडकें मिनिटभर धरावें. त्यावर पाण्याचा किंवा तेलाचा डाग पडल्यास काम सुरू करूं नये. सायंकाळीं पिंप रिकामें करावें व ग्रिट झांकणाच्या कोरड्या पिंपांत ठेवावें. ऐन पावसाळ्यांत हें काम न केलेलेंच बरें; एरवींही साफ केलेल्या लोखंडावर त्याच दिवशीं, कांहीं तासांचे आंत, प्रायमर चढला पाहिजे.

तिसरी निगा ग्रिटाची. सर्व ग्रिट झिजूं देऊन मग एकदम नवें भरणें चूक होय. रोज थोडें नवें घालावें, म्हणजे मोठे व बारीक कण यांचें प्रमाण कायम राहतें. मोठे कण गंज फोडतात, बारीक कण कोपरे साफ करितात. अवजारावरील ग्रीस व तेल आधींच धुवून काढावें, नाहींतर तें सर्व ग्रिटांत मिसळून पुढील प्रत्येक अवजारास लागेल. बेअरिंगें, हायड्रॉलिकचे दांडे व टायर बांधून झांकावे. पातळ पत्र्यावर मोठा दाब मारूं नये, तो वांकतो.

माणसाची निगा

पोलादी ग्रिटांत सिलिकेचें भय नाहीं. परंतु उडणाऱ्या गंजाचें व जुन्या रंगाचें आहे. शेंदरी प्रायमरमध्यें शिसें असतें. म्हणून झोत मारणाऱ्यास बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारें शिरस्त्राण, चामडी हातमोजे व कानास बोंडें हवींतच. ती हवा घेणारें तोंड ट्रॅक्टरच्या धुरापासून दूर असावें. नोझलाशीं हात सोडतांच हवा बंद करणारा खटका असल्यावांचून यंत्र विकत घेऊं नये. नळीचे जोड पिना व साखळ्या घालून बांधावे. सुटलेली नळी माणसास आडवें करिते. पिंपाची दाबचांचणी व सुरक्षा-व्हॉल्व्हची तपासणी ठरल्या मुदतींत करवून तिची नोंद वहींत ठेवावी.

असो. सभेपुढें आमची सूचना अशी कीं, बंद खोली, पुरेशी वीजजोडणी आणि शिरस्त्राणासह शिकविलेलीं दोन माणसें या तिहींची तरतूद अंदाजपत्रकांत प्रथम दाखवावी व मगच यंत्राचीं दरपत्रकें मागवावीं. वर्षांतून पंधरा-वीस ट्रॉल्यांपलीकडे काम निघणार नसेल, तर जवळच्या कारखान्यांतून मजुरीनें करवून घेणें किफायतीचें पडेल. मात्र त्या करारांत एक अट घालण्यास विसरूं नये, कीं वाळू वापरली जाणार नाहीं. मजूर कोणाच्याही पटावर असला तरी तो आपल्याच गांवचा मुलगा असतो.