रिपोर्ट पॉझिटिव्ह, पण डोळ्याचं काय?

थायरॉईड, व्हिटॅमिन डी, कोलेस्टेरॉल... आपली पिढी रिपोर्ट वाचण्यात एकदम एक्स्पर्ट! पण परवा पनवेल लोकलमध्ये मैत्रिणीने मोबाइल पुढे केला. ‘टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह.’ आठवडाभर एका डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगत होते, नजर धुरकट. ‘डोळा गेला का गं माझा?’

मी म्हटलं, थांब जरा. हा परजीवी मांजराच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून, न धुतलेल्या भाज्यांतून किंवा अर्धवट शिजलेल्या मटणातून पोटात जातो. आयजीजी इतकंच सांगतं, की त्याची नि आपली कधीतरी गाठ पडलीय. ते बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतं. निगेटिव्ह आलं, तर डॉक्टर सहसा दुसरं कारण शोधतात. खरा निकाल मात्र ड्रॉप्सने बाहुली मोठी करून आतला पडदा तपासल्यावरच! डाग पडद्याच्या मधोमध पडला, तर गेलेली नजर परत येईलच असं नाही.

मग उपचार सुरू झाल्यावर पुन्हा रक्त कशाला? डोळा सुधारतोय का, हे आयजीजीचा आकडा सांगत नाही. पण पायरिमेथामाइन चालू असेल तर रक्तपेशी घटू शकतात, म्हणून दर आठवड्याला सीबीसी.

आणि कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनो, लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नका! त्यातला अकँथअमिबा रक्ततपासणीत सापडत नाही. बुबुळावरून खरवडून नमुना घ्यावा लागतो.

पनवेलकरांना लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटसारखं डोळ्यांचं हॉस्पिटल गावातच आहे. नजर धुरकटली तर वीकएन्डची वाट पाहू नका. आधी डोळा दाखवा, रक्ताचं नंतर!