मारिओ तिसरा का आला?

एप्रिल २०२५ मधली एक सकाळ. आम्ही चहाचा दुसरा कप घेत वर्तमानपत्र चाळीत होतो. इतक्यात आमचे चिरंजीव हातातल्या फोनकडे पाहून एकदम ओरडले, "हा शुद्ध अन्याय आहे!" चिरंजीव बेचाळीस वर्षांचे, बँकेत अधिकारी, स्वभावाने शांत. सूनबाई हातात लाटणे घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आल्या. आम्हाला वाटले, बदलीचा हुकूम आला!

पाहतो तो बातमी लंडनची. चित्रपटांना पारितोषिके देणारी ती 'बाफ्टा' नावाची ब्रिटिश संस्था आहे ना, तिने लोकांना एक प्रश्न विचारला होता. आजवरच्या व्हिडिओ गेममध्ये सर्वांत जास्त प्रभाव पाडणारा खेळ कोणता? लोकांनी कौल दिला. पहिला 'शेनम्यू', दुसरा 'डूम' आणि चिरंजिवांचा प्राणप्रिय 'सुपर मारिओ ब्रदर्स' तिसरा.

ज्यांच्या घरी १९९० च्या दशकात मुले वाढली, त्या वाचकांना मारिओची ओळख करून द्यायला नकोच. टीव्हीला जोडायचे ते डबडे, त्यात खोचायची कॅसेट, ती चालेना की तिच्यात मारायची फुंकर, आणि ऐन बातम्यांच्या वेळी "बाबा, एकच लाइफ उरलंय हो!" ही विनवणी. जपानच्या निन्टेंडो कंपनीचे मूळ यंत्र आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिले. आपल्या घरांत आल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. आतला मिशाळ प्लंबर मात्र तोच, १९८५ सालच्या खेळातला. १९८३ मध्ये अमेरिकेत या खेळांचा धंदा पार बसला होता. तो पुन्हा उभा राहिला त्यात या मिशाळाचा वाटा मोठा, असे चिरंजीव सांगतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही.

मग हा शेनम्यू कोण? आम्ही नातवाला विचारले. त्यालाही पत्ता नव्हता. दोन दिवस खपून आम्हीच माहिती काढली, आणि खरे सांगायचे तर त्या खेळाच्या थोडे प्रेमात पडलो.

सेगा कंपनीच्या यू सुझुकी यांनी तो १९९९ मध्ये काढला. कथा १९८६ सालच्या योकोसुका या जपानी गावातली. बापाच्या मारेकऱ्याचा माग काढणारा एक तरुण. पण गंमत अशी की, सूड घेण्याची घाई कोणालाच नाही! तो गावात हिंडतो, शेजाऱ्यांची विचारपूस करतो, मांजराच्या पिलाला खाऊ घालतो, नाण्याच्या यंत्रातून पेय घेतो, गोदीवर नोकरी धरून माल उचलायची गाडी चालवतो. १९८६ मध्ये त्या गावात ज्या दिवशी खरोखर जसे हवामान होते, तसेच खेळात दिसण्याचीही सोय त्यात ठेवलेली. एवढा खर्च, एवढी हौस! पण ज्या यंत्रावर तो चाले, तेच सेगाने २००१ मध्ये बंद केले. त्याच वर्षी दुसरा भाग आला आणि गोष्ट अर्ध्यावर तुटली.

ती तुटलेली गोष्ट चाहते चौदा वर्षे उराशी धरून बसले. २०१५ मध्ये सुझुकींनी लोकांपुढे झोळी पसरली, तेव्हा सुमारे ६९ हजार जणांनी मिळून ६३ लाख डॉलर टाकले. तिसरा भाग २०१९ मध्ये आला, आणि गोष्ट त्यातही संपली नाही ती नाहीच.

आता आमचे म्हणणे सांगतो. मारिओवर प्रेम करणारे जगात किती असतील याची गणती नाही, पण त्यांचे कोणाकडे काही येणे नाही. मारिओ सुखात आहे, त्याचे नवे खेळ येतात, सिनेमेसुद्धा निघतात. त्याचे चाहते बातमी वाचून हळहळतात, मत द्यायला उठत नाहीत. शेनम्यूवाल्यांचे मात्र पंचवीस वर्षांचे देणे थकलेले! ते उठतात, आणि दुसऱ्याला उठवतात. मतपेटीत प्रेम मोजले जाते हे खरे, पण त्यातले दुखावलेले प्रेम आधी रांगेत येऊन उभे राहते. ताज्या प्रेमाचीही धाव मोठी. याच यादीत सातवा आला तो जेमतेम दोन महिन्यांपूर्वी बाजारात आलेला खेळ. दोन महिन्यांत त्याने कोणावर प्रभाव पाडला, हे बाफ्टालाच ठाऊक.

हा प्रकार काही नवा नाही. अमेरिकेत 'गेमफॅक्स' नावाचे, खेळाडूंना अडल्यानडल्या जागी वाट दाखवणारे एक जुने संकेतस्थळ आहे. २००२ पासून तिथे खेळांतल्या पात्रांच्या बाद फेऱ्या लागू लागल्या. रोज एक सामना, ज्याला जास्त मते तो पुढे. कोण जिंकेल याचे तक्ते आधीच भरून पैज मारायची. पहिल्या वर्षी 'झेल्डा'मधला लिंक जिंकला, अंतिम फेरीत मारिओला हरवून. पुढच्या वर्षी 'फायनल फँटसी ७'चा क्लाउड. मातब्बर मंडळी!

आणि २००७ मध्ये जिंकली कोण? एक वीट. हो, वीटच! मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात १९८४ साली अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी 'टेट्रिस' रचला. त्यात वरून पडणारे सात आकार आहेत, त्यांतला 'एल' अक्षरासारखा तो एक. ना तोंड, ना डोळे, ना तलवार. त्या वर्षी एका सामन्यात चौघे उतरत होते, त्यामुळे वीरांची मते आपापसांत फुटली, आणि थट्टेवारीत असलेल्या लोकांचा गठ्ठा विटेच्या पदरात पडला. कोणी पोट धरून हसले, कोणी महिनाभर रुसले.

२०१५ मध्ये तर खेळाखेळांतच सामने होते, 'सर्वोत्तम खेळ' ठरवायला. विजयी झाला 'अंडरटेल'. टोबी फॉक्स नावाच्या तरुणाने बराचसा एकहाती केलेला हा खेळ त्याच सप्टेंबरात बाजारात आला होता. त्यात समोर येणाऱ्या एकाही राक्षसाला न मारता शेवटापर्यंत जाता येते. वीस-तीस वर्षांचे जुनेजाणते खेळ या पोराने मागे टाकले, तेव्हा जुन्या चाहत्यांचा जो जळफळाट झाला, तो आमच्या चिरंजिवांच्या जातीचाच.

एकाच देशातही उत्तर टिकत नाही. जपानच्या 'फामित्सू' साप्ताहिकाने २००६ मध्ये वाचकांना विचारले, तेव्हा 'फायनल फँटसी १०' पहिला आला. २०२१ मध्ये तिथल्याच एका दूरदर्शन वाहिनीने पन्नास हजारांवर मते गोळा केली, तर पहिला 'झेल्डा'.

हे सगळे आम्ही रात्री जेवताना ऐकवले. चिरंजीव मान खाली घालून वरणभात कालवीत होते. नातवाने सरळ विचारले, "बाबा, तू मत दिलं होतंस का?"

चिरंजीव काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मारिओ हरेल असं वाटलंच नाही रे."

त्यांचा चेहरा पाहून आम्हालाच वाईट वाटले. तेव्हा ठरले की घरातच मतदान घ्यायचे. पाच चिठ्ठ्या, पितळी डबा मतपेटी. नातवाने 'माइनक्राफ्ट'ला मत दिले, चिरंजिवांनी मारिओला. सूनबाईंनी मात्र 'विटा' असे लिहिले! लहानपणी त्यांच्याकडे हातात धरायचा विटांचा खेळ होता म्हणे. सौ.नेही 'विटा'च लिहिले, कारण १९९० च्या दशकात चिरंजिवांचा तसाच खेळ ती दुपारी, तो शाळेत गेला की, खेळत असे. ही गोष्ट तीस वर्षांनी उघडकीला आली! आम्ही मुलाकडे पाहून मारिओला मत दिले. म्हणजे दोन-दोन, एक.

"आता बरोबरी," आम्ही जाहीर केले.

"बरोबरी कसली?" म्हणून सौ. उठली आणि तिने डोंबिवलीला बहिणीला फोन लावला. "अगं ताई, ते विटांचं आठवतं ना तुला? मग मत सांग पाहू, लवकर!"