खिशातला भावफलक



महागाई भत्ता मागायचा, तर बाजारभाव ठाऊक असावे लागतात. मुंबईच्या कामगारांनी सरकारी निर्देशांकावर अविश्वास दाखविला, तेव्हा १९६३ साली डॉ. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली. कागदावरची महागाई आणि चुलीजवळची महागाई यांचा मेळ बसेना, हे त्या तंट्याचे मूळ होते.

आज भाव पाहण्याचे साधन पुष्कळांच्या खिशात आहे. फोनवर चार दुकानांची ॲपे उघडली की एकाच साबणाचे चार दर दिसतात. वाण्यापुढे उभे राहून "पलीकडे स्वस्त मिळतो" असे पुराव्यानिशी सांगता येते, हे काही थोडे नाही. परंतु जो दर मोठ्या अक्षरांत दिसतो तो पुडक्याचा, मालाचा नव्हे.

समजा, चहाचा एक पुडा १४० रुपयांना आहे आणि दुसरा १३०ला. हात दुसऱ्याकडेच जाणार. पण पहिल्यात २५० ग्रॅम आहेत, दुसऱ्यात २२५. म्हणजे पहिला ग्रॅमला ५६ पैसे पडतो आणि "स्वस्त" दुसरा जवळजवळ ५८. हा हिशेब सोपा व्हावा म्हणून २०२१ साली नियम दुरुस्त झाले आणि वेष्टनावर कमाल किमतीबरोबर 'एकक विक्री किंमत' छापण्याचे बंधन आले. किलोहून कमी माल असेल तर ती ग्रॅममागे असते. अक्षर बारीक असते. चश्मा लावून वाचावे.

आता तोच १३०चा पुडा घरी मागवला आणि शेवटच्या पडद्यावर पोचवणावळ म्हणून २५ रुपये चढले, तर ग्रॅम ६९ पैशांना पडला! (सायकलवरून धावत आलेल्या पोराच्या पदरी त्यातले किती पडतात, तो हिशेब ॲप दाखवीत नाही.) आकार शेवटपर्यंत लपवणे, न मागितलेली वस्तू टोपलीत घालणे, अशा १३ लबाड्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. म्हणून तुलना करायची ती देय रकमेच्या पडद्यावर, आधी नव्हे.

आणखी एक शंका आहे. जानेवारी २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने ओला व उबर यांना नोटिसा दिल्या. एकाच प्रवासाला निरनिराळ्या जातीच्या फोनांवर निरनिराळे भाडे दिसते, अशी तक्रार होती. कंपन्यांनी ती नाकारली. खरेखोटे काही असो, एकट्याने आपल्याच फोनवर चार ॲपे पाहून ही शंका फिटणार नाही. त्याला शेजाऱ्याचा फोन लागतो. आम्ही संघाच्या कचेरीत वाणसामानाची यादी करतो तेव्हा दोन-तीन फोन एकाच वेळी शेजारीशेजारी ठेवतो, आणि तारीख, वजन व देय रक्कम वहीत उतरवतो. गल्लीतल्या वाण्याचा भावही त्याच रांगेत लिहितो. कित्येकदा तोच खाली निघतो.

तफावत दिसली तर पडद्याचे चित्र काढून ठेवावे, बिल जपावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.