विनंतीचे व्याकरण : मराठी आणि इंग्रजी

जळगाव किंवा धुळे येथील एखादा विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांना "सर, मला ते पुस्तक द्या" असे म्हणतो, तेव्हा त्यात उद्धटपणाचा लेशही नसतो. हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेऊन तो "सर, गिव्ह मी दॅट बुक" असे म्हणाला, तर मात्र ती आज्ञा ठरते. "प्लीज" जोडले तरी तिचा सूर पुरता जात नाही. मग विद्यार्थ्याच्या मनातील आदर वाटेत कोठे गळाला?

मराठीत हा आदर क्रियापदाच्या रूपातच वसतो. 'दे', 'द्या', 'द्यावे' यांतील भेद प्रत्ययाने कळतो. इंग्रजीत 'दाऊ' हे एकवचनी सर्वनाम सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रमाणभाषेच्या नित्य व्यवहारातून मागे पडले व लहानथोरांसाठी 'यू' हे एकच रूप उरले. आज्ञार्थाचे रूपही एकच. साहजिकच विनयाचा भार वाक्यरचनेवर पडला आणि विनंतीने प्रश्नाचे रूप घेतले : "कुड यू लेंड मी दॅट बुक?"

जॉन सर्ल यांनी १९७५ साली अशा उक्तींना 'अप्रत्यक्ष वाक्कृती' या कल्पनेखाली विवेचिले. येथे प्रश्न सामर्थ्याविषयी दिसतो, हेतू मात्र विनंतीचा असतो. म्हणून "येस, आय कुड" हे उत्तर अपुरे होय. "ऑफ कोर्स" म्हणून पुस्तक पुढे करावे. नकार द्यावयाचा असल्यास नुसते "नो" न म्हणता "आय ॲम अफ्रेड" अशी सुरुवात करून कारण सांगावे.

अधिक फसवा प्रकार "वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?" हा आहे. आपण "खिडकी उघडायला हरकत नाही ना?" असे विचारतो. वाक्य नकारार्थी असल्याने "हो, उघडतो" हे उत्तरही संमतीचेच ठरते. इंग्रजी प्रश्न होकारार्थी आहे. तेथे "येस" म्हणजे "हरकत आहे". संमतीसाठी "नॉट ॲट ऑल" म्हटले पाहिजे.

'कुड', 'वुड' ही रूपाने भूतकाळी, परंतु अर्थाने वर्तमानाचीच आहेत. भूतकाळामुळे मागणी किंचित दूर सरते आणि ऐकणाऱ्याला नकाराची मोकळीक राहते. ही युक्ती आपल्यालाही परकी नाही. दुकानात उभे राहून आपण "पाव किलो साखर हवी होती" म्हणतो, ती गरज कालची नसते. इंग्रजीतील "आय वाँटेड टु आस्क" हे त्याचेच भावंड.

खानदेशातील अनेक विद्यार्थी घरी अहिराणी वा लेवा गणबोली आणि वर्गात प्रमाण मराठी बोलतात. माणूस व प्रसंग पाहून बोलणे बदलण्याची सवय त्यांना लहानपणापासूनच असते. अध्यापकाने "प्लीज" पाठ करून घेण्याऐवजी 'हवी होती' येथून आरंभ केला, तर इंग्रजी विनय हा परका शिष्टाचार न राहता ओळखीच्याच रीतीचा दुसरा आविष्कार ठरेल, आणि विद्यार्थ्याच्या मनातला आदर ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचेल.