तारा, दार आणि गोमुख

बीडचे कंकालेश्वर पाण्यात उभे आहे. भोवती कुंड आणि मधोमध काळ्या पाषाणाचे शिवमंदिर. काही जाणकार ते यादवकाळातले मानतात. त्याच्या भिंती कोन काढत बाहेर येतात, पुन्हा आत वळतात. अशा मांडणीला तारकाकृती विधान म्हणतात.

असा तारा आखण्याची एक रीत सोपी आहे. मध्यबिंदू धरून चौरस काढायचा आणि तोच थोडा फिरवून पुन्हा काढायचा. आठव्या हिश्श्याने, म्हणजे ४५ अंशांनी, फिरवला की आठ टोकांचा तारा मिळतो.

आता एकटा चौरस घ्या. पाव, अर्धा, पाऊण फेरा दिला तरी तो होता तसाच दिसतो. न हलवणे हीसुद्धा एक क्रियाच. शिवाय चार रेषांवर तो उलटता येतो. एकूण क्रिया आठ. कोणत्याही दोन लागोपाठ केल्या, तरी उत्तर या आठांतच सापडते आणि प्रत्येक क्रिया मागे घेता येते. अशा कुटुंबाला गणितात ‘गट’ म्हणतात. ही कल्पना रुजवणारा फ्रान्सचा एव्हारिस्त गाल्वा १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात गेला, तेव्हा तो अवघा २० वर्षांचा होता. तो आकृत्यांच्या नव्हे, समीकरणांच्या मागे होता; सममितीचा हिशेब त्यातूनच पुढे उभा राहिला.

या गटात क्रम महत्त्वाचा. चौकोनी कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी दिसेल अशी खूण करा. घड्याळाच्या दिशेने पाव फेरा देऊन मग पुस्तकाच्या पानासारखा उलटा: खूण जागेवर परत येते. आधी उलटून मग फिरवा: ती खालच्या उजव्या कोपऱ्यात जाते.

आठ टोकांच्या ताऱ्याचा गट दुप्पट मोठा: ‘न हलवणे’ धरून आठ फेरे, आठ आरसे म्हणजे उलटण्याच्या रेषा, मिळून सोळा क्रिया. पण देवळाला दार लागतेच. एका बाजूला दार ठेवले की सगळे फेरे बाद होतात. उरतो दारातून गाभाऱ्याकडे जाणारा एकच आरसा आणि ‘न हलवणे’. सोळाच्या दोन झाल्या. त्यात अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारे गोमुख एकाच अंगाला. तोही आरसा फुटला; राहिले फक्त न हलवणे.

शंकराची प्रदक्षिणा अर्धीच असते. भाविक गोमुखापर्यंत जातो, ते न ओलांडता आल्या वाटेने परततो. डावे-उजवे जिथे सारखे राहत नाही, नेमकी तिथेच त्याची पावले थांबतात.